गुलाबी डॉली, कामशेतचा बाजार आणि तुमचे भाऊ

मु. बेडसे, पवन मावळ
आश्विन वद्य तृतीया

तीर्थरूप थोरल्या वन्सं बयाबाई, मुक्काम आंबी, यांच्या पायांवर धाकट्या भावजयीनं, म्हणजे झुंबरबाईनं, डोकं ठेवलं असं समजावं. (खरं ठेवता येत नाही. दसऱ्यापासून कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार उभ्यानंच घ्यावा.) इकडं सगळं खुशाल. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागं निरगुडीचा पाला पाठवला होता तो शेकून बांधला की तसाच म्हशीपुढं टाकला, ते कळवावं. टाकला असेल तर गुडघा दुखतो म्हणून पुन्हा कळवू नये. दाजींचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. विडी बंद केली असेल अशी आशा नाही.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहीत आहे. शाळामास्तरांना सांगितलं की ते माझं बोलणं सरळ करतात, आणि सरळ झालं की ते माझं राहत नाही. मी दुसरीत शाळा सोडली. जोडाक्षरं तिसरीत शिकवतात, ती मी पुढं दुकानांच्या पाट्यांवरून उचलली. तेव्हा चुका दिसतील त्या गिळाव्यात, आणि पत्र कुणाकडून वाचून घेणार असाल तर त्याला मध्ये मध्ये हसू देऊ नका, त्यानं अर्थ तुटतो.

पत्रास कारण असं की मी जिंकले.

काय जिंकले ते नीट मुळापासून सांगते. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ज्येष्ठ लागला की बंगलेवाले खिडक्यांना पत्रे ठोकून मुंबईला पळतात आणि कुत्र्यांचं काय करावं ते त्यांना कळत नाही. माळ्याजवळ ठेवावीत तर त्या ओलीनं कुत्र्यांच्या बोटांत बुरशी येते. चार वर्षांमागं मी बंगल्या-बंगल्यांतून तूप घालायला जायची, तेव्हा खोर्शेदबाई (पारशीणबाई, एकट्या असतात, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला) त्यांच्या डॉलीला मांडीवर घेऊन रडत बसल्या होत्या. डॉली म्हणजे बगळ्यासारखं पांढरं, लांब केसांचं, मांडीत मावेल एवढं कुत्रं. मला कुणाचं रडणं बघवत नाही, त्यात वेळ फार जातो. मी म्हटलं, द्या इकडं, दसऱ्याला परत आणून देते. आपल्याकडं पाऊस पडतो, पण लोणावळ्यापुढं तो नुसता सडा. डॉली दसऱ्याला गेली ती दीडपट होऊन. दुसऱ्या वर्षी तीन कुत्री आली, तिसऱ्या वर्षी पाच आणि यंदा सात. जुना गोठा सारवून घेतला, सात पोती अंथरली, सात मातीचे परळ मांडले. लोक चातुर्मासात पोथी लावतात, मी कुत्री लावते.

तुमच्या भावांना हे पहिल्यापासून पसंत नाही. त्यांनी गळ्यात माळ घातल्यापासून घरात मटण शिजत नाही, आणि साहेबांची कुत्री माळ घालायला तयार नाहीत. म्हणून कुत्र्यांचं मटण वेशीजवळ टांगेवाल्या ताजुद्दीनच्या घरी शिजतं. त्याची बायको अकबरी ते शिजवते, मीठ-मसाला न घालता, आणि रोज म्हणते की असं बेचव करताना माझा हात रडतो. त्याबद्दल तुमच्या भावांचं काही म्हणणं नाही. त्यांना टोचलं ते निराळंच. आषाढात पारावर कुणीतरी त्यांना कुत्र्यांचे पाटील म्हणालं. ते तिथंच म्हणाले की शेतकऱ्याच्या हातात कासरा शोभतो, साखळी नाही. आणि वर म्हणाले, "यंदा एका जरी धन्याची तक्रार आली, तर दुसऱ्या दिशी गोठ्यात कुत्रं दिसायचं न्हाई."

मी पाणी घेऊन तिथूनच चालले होते. घागर खाली ठेवली. म्हटलं, "आणि दसऱ्यापातूर एकाची बी आली न्हाई, तर सातीच्या सात कुत्री साखळीला धरून कामशेतच्या बाजारातनं तुमी न्यायची."

पाच माणसं ऐकत होती. पाच माणसांपुढं तुमचे भाऊ कधी नाही म्हणत नाहीत, हा त्यांचा लहानपणापासूनचा दोष तुम्हाला ठाऊकच आहे. व्हय म्हणाले.

तुम्ही म्हणाल बाईमाणसानं पारासमोर पैज लावावी का. लावू नये. पण वन्सं, या घरात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. तांदूळ मी पाखडला तरी तो तुमच्या भावांचा तांदूळ, तूप मी कढवलं तरी ते तुमच्या भावांच्या म्हशीचं तूप. कामशेतच्या ठेसनावर माझ्या नावानं काही उतरत असेल तर ही कुत्री. गार्ड डब्याचं दार उघडतो आणि ओरडतो, झुंबरबाई बेडसे. तेवढं ऐकायला मी गाडीच्या आधी तासभर जाऊन बसते. (हे तुमच्या भावांना सांगू नका.) ती कुत्री गेली असती तर मी परत कुणाच्या तरी म्हशीची तूपवाली झाले असते.

तर यंदाची पंगत. डॉली सांगितली. रेल्वेतल्या एका साहेबाचा मेजर, वासराएवढा, कान उभे, नजर फौजदाराची. एका डागदराची दोन काळी जुळी, त्यांतलं कोणतं कोणतं ते डागदरालाही सांगता येत नाही. एक लांब बुटकं, बाकाला पाय फुटल्यासारखं. एक म्हातारं आंधळं, सगळ्यांत शहाणं. आणि एक तांबूस केसांचं, ज्याच्याबरोबर दोन पानं इंग्रजी हुकूम आले. मास्तरांनी वाचून दाखवले. रोज चार वाजता चहा-बिस्कूट द्यावं, आणि ढग गडगडत असताना त्याला एकटं सोडू नये. मावळात ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत ढग गडगडायचे थांबतात कधी, ते त्याच्या मालकीणबाईनं लिहिलं नव्हतं. चहा मी दिला नाही. दोन दिवस त्यानं भाकरीकडं पाठ केली, तिसऱ्या दिवशी स्वतःची खाऊन शेजाऱ्याचीही खाल्ली.

श्रावणात जुळ्यांतलं एक नाहीसं झालं. सारा गाव हसतोय, तुमचे भाऊ दाराशी उभे, आणि मी भर पावसात डोंगर चढून लेण्यांपर्यंत गेले. ते तिथं ओसरीत बसून खांबांवरच्या दगडी हत्ती-घोड्यांवर भुंकत होतं. तो हत्ती कुठल्या जमान्यापासून तिथं बसलाय, त्याला पहिल्यांदाच कुणी हटकलं असेल. कुत्र्याला काखेत मारून उतरले. (कंबर धरली आहे ती यानं नव्हे. ते पुढं येईल.)

मेजरची गोष्ट वेगळी. तो आल्या दिवसापासून तुमच्या भावांच्या मागं लागला. ते त्याला दिवसभर हाड हाड करत, आणि त्याची समजूत अशी झाली की आपलं इकडचं नाव हाड. ते हाड म्हणाले की हा होता तिथून धावत येई. ते खाचरात चिखलणी करत असले की हा बांधावर बसून राही. एकदा मी न्याहारीनंतरचं ताक घेऊन गेले तर तुमच्या भावांच्या हातातली अर्धी भाकरी मेजरच्या तोंडात. मी बघितलं तर म्हणाले, पडली. चटणी लावून, मुडपून पडली होती.

आता पोळा. आपल्या घरची रीत मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही लहानपणी मांजर रंगवलं होतं असं सासूबाई सांगायच्या. भाद्रपदातल्या अवसेला अंगणात जे चार पायांवर उभं असेल त्याला रंगाचा हात लावायचा, पुरणपोळीचा घास द्यायचा आणि मग माणसांनी जेवायचं. बैल, गाय, म्हैस, शेळी, कुणी सुटत नाही. माझा अंदाज असा की तुमचे भाऊ कुत्र्यांना वगळतील. पुरण वाटून बाहेर आले तर हे रंगाचं घमेलं घेऊन गोठ्यापुढं उभे, आणि कुत्री ओळीनं बसलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "मला हौस न्हाई. पर आबांनी कधी अंगणातलं जनावर कोरं ठेवलं न्हाई. रीत ती रीत."

एवढ्यावर माझी तक्रार नव्हती. सहा कुत्री काळी नाहीतर तपकिरी, त्यांना हात लावला काय न लावला काय, दिसत नाही. डॉलीच्या पाठीवरही त्यांनी फक्त पंजा उमटवला. पुढचं डॉलीनं स्वतः केलं. घमेल्यात पाणी आहे असं समजून ती आत उतरली आणि अंगभर लोळली. बाहेर आली तेव्हा किरमिजी होती, एक कान तेवढा सोडून.

मी म्हटलं असू दे, धुतलं की जाईल. तेव्हा तुमचे भाऊ जमिनीकडं बघायला लागले. वन्सं, गेल्या वर्षी मिरवणुकीआधीच पाऊस आला आणि आपल्या बैलांचा रंग वेशीपर्यंत टिकला नाही, गाव हसला. म्हणून यंदा यांनी कामशेतात दुकानदाराला सांगितलं की पावसानं जाणार नाही असा रंग दे. त्यानं लुगडी रंगवायची पक्की जर्मन पुडी दिली. दोन दिली. दुकानदाराची काही चूक नाही, मागितलं ते दिलं. मी तेव्हा भरअंगणात बोलले की पैज जिंकायला मुद्दाम केलंत. ते बैलांना घेऊन मिरवणुकीला गेले. (मुद्दाम केलं नव्हतं. ते मला बोलतानाही कळत होतं.)

अवस ते दसरा, दहा दिवस. घरोघर घट बसले होते आणि मी कुत्रं धूत बसले होते. रिठ्यानं धुतलं, राखेनं धुतलं, आंबट ताक लावलं, चिंच लावली, लिंबं संपवली. ही कमरेची कथा. अकबरी म्हणाली रंग उन्हानं उडतो, उन्हात ठेव. दोन दिवस थोडं ऊन पडलं तेवढ्यात डॉलीला खाटेवर पापडासारखी वाळत घातली. किरमिजीचा लाल झाला, लालाचा गुलाबी झाला, आणि अष्टमीला जो गुलाबी झाला तो तिथंच थांबला. मग अकबरी म्हणाली केसच भादरून टाक. कात्री घेऊन बसलेही. डॉलीनं माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मी कात्रीनं वाती कापल्या आणि उठले. शेवटी सगळ्यांनी मिळून बाईंना सांगायला थापा काढून दिल्या. एकानं सांगितलं गुलाबी खरूज झाली म्हणावं. मी ठरवलं खरं तेच सांगायचं. थाप लक्षात ठेवावी लागते, तेवढा धीर माझ्याजवळ नाही.

दसऱ्याला सकाळी ताजुद्दीनच्या टांग्यात सात कुत्री आणि मी. बैलाच्या गळ्यात घालतो तशा झेंडूच्या माळा मी सातही जणांना घातल्या, डॉलीला चार घातल्या. तुमचे भाऊ मागून चालत, स्वच्छ धोतर नेसून, निकाल ऐकायला. पारावरचे पाचही जण कामशेतात हजर. बाकीच्या पाच धन्यांचे गडी ठेसनावर थांबलेले, त्यांना कुत्रं जिवंत मिळालं की पुरे. खोर्शेदबाई मात्र दरसाल मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर स्वतः मोटार घेऊन येतात. आल्या. बरोबर भाचा, त्याच्या गळ्यात फोटोची पेटी. बाई उतरल्या आणि टांग्यात बघायला लागल्या.

"झुंबर, माझी डॉली कुठे?"

डॉलीनं माळांसकट त्यांच्या अंगावर उडी घेतली. माळा खाली पडल्या. बाईंनी तिला धरलं, लांब केलं, चष्मा लावला, परत बघितलं. नाक्यावरचे आपट्याची पानं विकणारे, झेंडूवाले, टांगेवाले सगळे गोळा झालेले. तुमच्या भावांकडं मी बघितलं नाही, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"हे काय केला तू?"

मी म्हटलं, "बाई, आमच्यात पोळ्याला घरच्या जनावराला रंग लावत्यात. पाव्हण्याच्या जनावराला लावत न्हाईत. आता डॉली पाव्हणी धरायची का घरची, ते तुमी सांगा. पाव्हणी असंल तर आमचं चुकलं."

एवढंच बोलले. ठरवून बोलले नव्हते, तोंडातून आलं. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. डॉली त्यांची हनुवटी चाटत होती. मग बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "चार वरस झाला. माझ्याकडे आठ महिना, तुझ्याकडे चार. घरनीच ना." आणि विचारलं की रंग लावला कुणी. मी तुमच्या भावांकडं बोट केलं. बाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही रंगव्या? सरस. पण हा एक कान कशाला सोडला?"

वन्सं, तुमच्या भावांचा चेहरा दिव्यासारखा पेटला. पाच जणांकडं वळून म्हणाले, ही तक्रार. पाच जणांत वाद लागला. दोघं म्हणाले तक्रार धरावी, दोघं म्हणाले ही नुसती चौकशी, पाचवा आपट्याची पानं मोजत होता. शेवटी बाईंनाच विचारलं. बाईंना पैजेचं सगळं सांगावं लागलं, ते ताजुद्दीननं सांगितलं, थोडं वाढवून. बाई एवढ्या हसल्या की भाच्यानं त्यांना धरलं. म्हणाल्या, तक्रार नाही, पुढच्या वर्षी दोन्ही कान पाहिजे, आणि मी स्वतः पोळ्याला येणार बघायला.

झालं. मी सात साखळ्या तुमच्या भावांच्या हातात दिल्या.

वन्सं, तुम्ही असायला हव्या होत्या. नाक्यापासून ठेसनापर्यंत सगळा बाजार, दसऱ्याची गर्दी, आणि मध्यातून तुमचे भाऊ, पुढं मेजर, मागं जुळी, बाकडं, म्हातारं, तांबडं, आणि एका बाजूला गुलाबी डॉली. खोर्शेदबाई स्वतः चालत मागं. दुकानदार फळीवर उभे राहिले. रंगवाल्यानं तर आपला रंग ओळखून हात जोडले. एकजण कुत्र्यांचे पाटील म्हणून ओरडला, त्याच्याकडं मेजरनं नुसतं बघितलं, तर तो दुकानात गेला. भाच्यानं फोटो काढला. ठेसनावर गार्डानं मला नावानं रामराम केला आणि तुमच्या भावांना विचारलं, तुम्ही झुंबरबाईंचे कोण. ते मी पुन्हा एकदा लिहिते. तुम्ही झुंबरबाईंचे कोण.

पुढच्या ज्येष्ठात खोर्शेदबाईंच्या ओळखीनं अकरा कुत्री येणार. शेजारचा पडका गोठाही सारवून ठेवणार आहे. माझं म्हणणं खरं झालं आणि ते बाजारानं बघितलं, आणखी मला काही नको. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, दाजींना खोकल्यापुरता नमस्कार.

तुमची भावजय
झुंबर

ता. क. रंगाची दुसरी पुडी शिल्लक आहे. जुनं लुगडं रंगवायचं असेल तर सांगा, पाठवते. आपले बैल अजून किरमिजी आहेत.

ता. क. दुसरं. तुमचे भाऊ तुमच्याकडं आहेत हे मला ठाऊक आहे. ताजुद्दीननं त्यांना ठेसनावर सोडलं आणि ताजुद्दीनच्या पोटात काही राहत नाही. मला सांगून गेले की आंबीला एक बैल बघतो. बैल बघायला आठ दिवस लागत नाहीत, वन्सं, जावई बघायला पण लागत नाहीत. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो, झालं ते असं. दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला माणसं ओसरीवर आली होती. मी यांचं पान वाढलं. चार महिने सात परळ वाढून तोंडाला एक वळण लागलेलं. मी म्हणाले, बस. खा. आणि ते बसले. ओसरीवरची माणसं हसली. तेवढ्यानं काही झालं नसतं, पण मी पण हसले. ते पानावरून उठले. सव्वीस वर्षांत ते पानावरून उठलेले नाहीत, मी आमटीत मीठ विसरले होते तेव्हा सुद्धा नाही.

ता. क. तिसरं, आणि खरं पत्र एवढंच समजा. काल टपालानं फोटो आला. साती साखळ्या हातात, मान ताठ, आणि तोंडावर हसू आहे, पोळ्याला बैल सजवून उभे राहतात तेव्हा असतं तसं. मी तिथंच होते, पण मी बाजाराकडं बघत होते, त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. फोटो पाठवत नाही. बघायचा तर घरी येऊन बघावा. भात कापणीला आलंय असं त्यांना सांगा. मी बोलावलं असं सांगू नका. वसुबारसेच्या आत धाडा. आणि तेवढ्यानं हलले नाहीत तर सांगा की घरात एक जीव दसऱ्यापासून धड जेवत नाही. ते विचारतील, कोणतं कुत्रं? तुम्ही उत्तर देऊ नका. सातही त्यांनीच आपल्या हातानं ठेसनावर पोचवलीत. जरा विचार करतील आणि उठतील.